लाख्याची घोंगडी

एका माळावर एक धनगर होता, त्याचं नाव म्हाकू. त्याची बायको हौसा. त्याचा एक थोरला भाऊ होता, त्याला सगळे नुसतं दादा म्हणायचे. तीन पालं, दीडशे मेंढरं, आणि या सगळ्यांची राखण करणारा एकच कुत्रा. लाखेच्या रंगाचा, म्हणून लाख्या.

मेंढरं दिवसा माळावर चरायची आणि रात्री कुणाच्या तरी शेतात बसायची. मेंढरं बसली की शेताला खत मिळे, आणि शेतकरी त्याबद्दल धनगराला धान्य देई. त्या धान्यावरच तिन्ही पालांच्या चुली पेटायच्या. शेतकऱ्यांनी रान दिलं नाही, तर भाकरी नाही. सरळ हिशेब.

एका वर्षी लाख्याच्या अंगाला खाज सुटली. आधी पोटाला, मग कोपरांना, मग एका कुशीला. खाजवून खाजवून केस गेले, कातडं लाल झालं. बसला तरी खाजव, उठला तरी खाजव. जेवता जेवता घास टाकून खाजव.

गावातल्या मोठ्या मळेकऱ्यानं ते पाहिलं आणि नाकाला उपरणं लावलं. म्हणाला, "असल्या खरजुल्या कुत्र्याची मेंढरं माझ्या रानात नकोत. आमची जनावरं बाधतील."

एकानं नाही म्हटलं की बाकीच्यांनाही तेच सुचतं. दुसऱ्यानं नाही म्हटलं, तिसऱ्यानं म्हटलं. दादाच्या कपाळावर आठ्या पडल्या.

आता बघा माणसाची जात. सात वर्षं त्या कुत्र्यानं लांडगा जवळ येऊ दिला नाही. पावसात भिजला, थंडीत कुडकुडला, पण मेंढरू सोडून पालात शिरला नाही. त्याला बरं नाही म्हटल्यावर कुणी विचारलं का, "बाबा, तुला काय होतंय?" नाही विचारलं. सगळ्यांनी विचारलं, आमचं आता काय होणार?

दादानं औषध काढलं. काय औषध, तर गाडीच्या आसाला घालतात ते काळं वंगण! चिंधी बुडवली आणि लाख्याच्या उघड्या कातड्यावर चोळली. लाख्या केकाटला. अंग चाटायला लागला आणि चाटून चाटून ओकला. दोन दिवस पाणीसुद्धा पोटात ठरलं नाही.

हौसा म्हणाली, "दादा, त्यो जीव हाय, चाक न्हाई."

"गाडीचं चाक करकरायचं थांबतं की न्हाई वंगणानं?"

"मग तुमची पाठ लई करकरतीया, तिला लावा की जरा!"

म्हाकू हसू दाबत बाहेर गेला. दादा म्हणाला, "बायकांच्या तोंडाला लागू नये." पण कुशीत हात घालून तोही खाजवतच होता. थंडीनं कातडं तडकलंय, असं म्हणायचा.

मग हौसानं आपल्या हातानं सुरुवात केली. आधी डाळीचं पीठ चोळून चोळून वंगण काढलं. कडुलिंबाचा ओंजळ ओंजळ पाला आणून पाणी हिरवंगार होईपर्यंत उकळलं, मग निववलं. कोमट झालं का ते आपल्या मनगटावर बघितलं, बाळाला न्हाऊ घालताना बघतात तसं, आणि मगच लाख्याच्या अंगावर ओतलं. अंग सुकल्यावर करंजाच्या तेलात हळद कालवून हलक्या हातानं बोट बोट लावली. कुत्रं तेल चाटतं, हे तिला ठाऊक. म्हणून तेल मुरेपर्यंत ती त्याच्यासमोर बसून राहायची आणि ताकात भिजवलेली भाकरी तुकडा तुकडा भरवायची.

दिवसभर लाख्या उन्हात खडकावर गपगार झोपला. हौसाला वाटलं, जिंकलं!

सांज झाली, लाख्या आपल्या अंथरुणावर गेला, आणि पुन्हा खरवड खरवड सुरू.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आणि त्याच तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, ओढ्यातून लांडगा वर आला. लाख्या तेव्हा मान वळवून कूस चावत होता. त्याला वास आला, तो धावला, पण उशीर झाला. एक कोकरू गेलं.

दादानं डोक्याचं मुंडासं काढून आपटलं. "झालं समाधान? पाला उकळा, तेल चोळा! उद्या बाजाराच्या दिशी सगळा गाव या वाटेनं जाणार. त्याच्या आत ही पीडा हितनं गेली पाहिजे." त्यानं म्हाकूच्या हातात दोर दिला. "नदीपल्याड सोडून ये. पाठीमागं येऊ लागला तर धोंडा घाल."

थोरल्या भावाचा शब्द म्हाकूनं कधी खाली पडू दिला नव्हता. त्यानं दोर घेतला. लाख्याला वाटलं, चाकरीला निघायचंय. तो शेपूट हलवत उभा राहिला. दोर घालायला मान पुढं केली बिचाऱ्यानं.

हौसा मात्र दुसरीकडेच बघत होती. लाख्या उठला तिथं त्याची घोंगडी पडली होती. ती घोंगडी आधी दादाची. दहा वर्षं वापरून झिजली, म्हणून त्यानं म्हाकूला दिली. म्हाकूकडं भोकं पडली, मग कुत्र्याला टाकली. आणि इतक्या वर्षांत तिला पाण्याचा थेंब लागला नव्हता. का? तर घोंगडीला विटाळ नसतो! देवासमोर अंथरतात ती, भंडारा उधळतात तो तिच्यावर. जी विटाळतच नाही ती धुवायची कशाला? आजा म्हणाला, बाप म्हणाला, दादाही तेच म्हणत होता.

हौसाच्या डोक्यात लख्ख उजाडलं. दिवसा खडकावर खाज नाही. सांजेला घोंगडीवर खाज. अंगाची जी बाजू खाली टेकते, तीच सोललेली!

तिनं चिमट्यानं धरावी तशी दोन बोटांनी घोंगडी उचलली आणि चुलीवर उकळत असलेल्या पाल्याच्या पाण्यात टाकली.

"अगं ए!" दादा ओरडला. "घोंगडी हाय ती! देवाचं वस्त्र! तिला कुणी पाणी लावलंय का कधी?"

हौसाचा पदर डोक्यावरून घसरला, तिनं तो सावरलासुद्धा नाही. "दादा, देवाला रोज आंघोळ घालता. देव विटाळतो म्हणून घालता का?"

दादा तरातरा चुलीकडं निघाला.

"या हिकडं. बघा काय न्हातंय ते!"

पाणी काळंभोर झालं होतं. वर पिसवांचा थर आला होता, हरभऱ्याएवढी फुगलेली गोचिडं तरंगत होती.

"हे त्याच्या अंगातलं न्हाई," हौसा म्हणाली. "हे तुमच्या अंथरुणातलं हाय. तुम्ही टाकलेलं त्यानं गुमान घेतलं. त्याला बोलता येत न्हाई म्हणून गुन्हेगार त्यो? घाण आपली आन् धोंडा त्याला?"

म्हाकूनं हातातला दोर खाली टाकला आणि कुऱ्हाड घेऊन सरपण आणायला गेला. जन्मात पहिल्यांदा त्यानं भावाचं ऐकलं नाही, आणि तेही एक अक्षर न बोलता.

दादा धुसफुसत म्हणाला, "आठ दिस. पुढच्या बाजारापर्यंत. मग मी हाय आन् त्यो हाय."

उकळल्यानं ती घोंगडी आटून पोरीच्या परकराएवढी झाली. हौसानं ती फेकूनच दिली. लाख्याला रोज ताजा पेंढा, त्यावर उन्हात तापवलेलं गोणपाट. एक दिवसाआड लिंबाचं पाणी. करंजाचं तेल बोट बोट. बसायची जागा झाडून तिथं चुलीतली गार राख भुरभुरली. गोचिडं एकेक करून वेचली आणि विस्तवात टाकली.

तिसऱ्या दिवशी लाख्या सगळी रात्र झोपला. पाचव्या दिवशी लाली गेली. सातव्या दिवशी उघड्या कातडीवर बारीक लव दिसायला लागली, कोवळ्या बाजरीसारखी.

आणि दादा? दादा खाजवतच होता! कुत्रा बरा झाला तरी दादाची थंडी काही जाईना. आठव्या दिवशी सकाळी तो हौसाच्या चुलीपाशी आला, इकडं तिकडं बघितलं, आणि काखेतली घोंगडी हळूच पुढं केली.

"हौसा... त्ये पाल्याचं पाणी उरलंय का गं थोडं?"

हौसा म्हणाली, "उरलंय की. पर दादा, आधी त्याला विचारा. पाणी त्याचं हाय."

दादा लाख्यासमोर उकिडवा बसला. सात वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. लाख्यानं तो हात चाटला. मुक्या जिवाजवळ राग साठवायला जागाच नसते, ती आपल्याकडं असते. दादानं खाली मान घातली.

त्या दिवशी तळावरच्या सगळ्या घोंगड्या न्हाल्या. या वेळी हौसा शहाणी झाली होती, तिनं त्या उकळल्या नाहीत. लिंबाच्या कोमट पाण्यातून पुन्हा पुन्हा काढल्या, झटकल्या आणि चार दिवस तापल्या खडकावर पालथ्या घातल्या. त्या दिवशी बाजाराला जाणारे लोक थांबून बघत होते. "धनगरांनी घोंगड्या धुतल्या! आता नदी उलटी वाहील," म्हणून हसत होते.

तो मळेकरीही त्यांच्यातच होता. तो हसत असतानाच ओढ्याकडं मेंढरं उधळली. लांडगा! मागच्या वेळी सहज कोकरू मिळालं होतं, तो भरदिवसा निर्ढावून आला होता. पण या खेपेला लाख्याला कूस चावायची नव्हती. बाणासारखा सुटला. लांडग्याच्या तोंडातलं कोकरू सुटलं, लांडगा ओढा ओलांडून पळाला, आणि पुन्हा त्या माळावर दिसला नाही. लाख्या कोकराला नाकानं ढकलत ढकलत परत घेऊन आला.

मळेकऱ्यानं नाकाचं उपरणं केव्हा काढलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. पुढं आला, लाख्याची कूस बघितली. नवी लव, एक फोड नाही.

"म्हाकू," तो म्हणाला, "मेंढरं आधी माझ्या रानात बसव. उद्यापासनंच."

एकानं हो म्हटलं की बाकीच्यांनाही तेच सुचतं. दुसरा आला, तिसरा आला. पिसवा गेल्या तशी मेंढरंही अंगानं भरली, लोकर दाट आली, कोकरं जगली. सुगीला तिन्ही पालांत धान्य ठेवायला मडकी पुरेनात, हौसाला शेजारच्या कुंभारणीकडून आणखी चार आणावी लागली. आणि नव्या ज्वारीची पहिली भाकरी दादानं स्वतःच्या हातानं ताकात कुस्करली, लाख्यापुढं ठेवली, आणि तो खाऊन होईपर्यंत तिथंच बसून राहिला.

तात्पर्य एवढंच, पोरांनो: मुक्या जिवाला घाण म्हणून हाकलण्याआधी, त्याला अंथरूण कुणी दिलं ते बघा.