मानाजी तांडेलाची पाठ

एक होता तांडेल. तांडेल म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा मुख्य. नाव मानाजी. या गोष्टीत जे काही बिघडलं ना, ते त्याच्यामुळे. खलाशांमुळे नाही, वाऱ्यामुळे नाही, दर्यामुळे तर मुळीच नाही. आधीच सांगून ठेवते. मोठी माणसं चुकतात, बरं का. आणि चुकली की आवाज चढवतात.

मानाजीची लेक पवळा. तिला दिली होती सात लाटांपलीकडच्या बेटावर. तिचे दिवस भरत आले होते, आणि पहिलं बाळंतपण तर माहेरी व्हायचं. "आज निघालात तर वेळेत आणाल हो तिला," बायको म्हणाली.

मग मानाजी गलबतावर चढला. तीन खलाशी हजर होते. म्हातारा काळबा, लाजाळू चांगो आणि तोंडाळ नागू.

आता त्या बंदरात एक रीत होती. नांगर उचलताना तांडेलानं सगळ्यांच्या पुढं उभं राहायचं. तोंड दर्याकडे, पाठ खलाशांकडे. मग सगळ्यांनी मिळून दोर ओढायचा. पण मानाजीचा बाप त्याला सांगून गेला होता, "खलाशाला पाठ दाखवू नकोस. पाठ फिरली की यांचे हात सैल." बापही तसलाच! मानाजीनं पाठ केली दर्याकडे, डोळे वटारले खलाशांवर, आणि दोर धरला.

"ओढा रे!"

नांगर हलेना.

"काळबा, नुसता हात लावतोयस तू!"

"तांडेल, तळव्याची सालटी गेली, बघा तरी."

मानाजीनं बघितलं नाही. काळबाला उतरवलं किनाऱ्यावर. गेला एक दिवस.

दुसऱ्या दिवशीही नांगर हलेना. मग मानाजीनं संशयानं चांगोचं बोचकं उघडलं. आत निघाली एवढीशी कुंची, लाल काठाची.

"बायकोनं शिवलीय," चांगो पुटपुटला. "पवळाताईच्या बाळाला."

मानाजीचे कान तापले. लाज वाटली, की नाही? मग तसं म्हणावं! पण नाही. "मग लपवलीस कशाला? उतर खाली!"

तिसऱ्या दिवशी उरला नागू.

"तांडेल, गलबत पुढं न्यायचंय की मागं? तुमचं तोंड तर गावाकडे!"

"उलट बोलतोस? उतर!"

मग मानाजी एकटा उरला. ओढतोय, ओढतोय. घामानं निथळला. आणि काय झालं, पाण्यातून बुडबुडे आले आणि नांगर बोलला.

"मानाजी, तीन दिवस झाले, मी तुझी पाठच बघतोय. ज्याला आपल्या माणसांना पाठ देता येत नाही, त्याचं गलबत मी सोडत नाही."

मानाजी गर्रकन वळला. तर समोरचा दर्या झाला आरशासारखा. त्यात दिसली पवळा. एक हात पोटावर, एक हात कपाळावर, वाट बघत उभी.

मग त्यानं धाडकन पाण्यात उडी टाकली आणि किनारा गाठला. तिघंही तिथंच, वाळूत भाकरी खात बसलेले. कुणी घरी गेलंच नव्हतं.

"चुकलो रे," मानाजी म्हणाला.

"ते कळलंच होतं," काळबा म्हणाला. "बसा. आधी चतकोर खा. पोटात काही नाही तुमच्या."

मग चौघं गलबतावर चढले. मानाजी पुढं उभा राहिला, पाठ खलाशांकडे. पाठ थरथरत होती त्याची. पण वळून बघितलं नाही, हं! आणि नांगर आला वर, शेवरीच्या कापसासारखा. सातही लाटा आडव्या निजल्या. त्यांच्या पाठीवरून गलबत सरसर घसरत दुसऱ्या दिवशी बेटाला लागलं.

पवळा दारातच बसली होती. मांडीवर लेक. "या बाबा," ती हसली. "हिला धीर नव्हता."

मग सगळी मिळून गावी आली आणि सुखानं नांदली. चला, पाय पांघरुणात घ्या. डोळे मिटा. कुणी दार लावलं का, बघत बसू नका, लावलंय.

गलबत बेटाला लागलं त्याच्या आदल्या दिवशीच नात जन्मली होती. तिचं पहिलं रडणं मानाजीला ऐकायला मिळालं नाही.