पल्याड ठेवलेलं बी

भोरखळात शिरलं की पहिल्याच घराच्या ओट्यावर शेणानं लिंपलेली एक कणगी दिसते. पोटाला पांढऱ्या मातीचा पट्टा, तोंडावर कडुलिंबाचा पाला. बाहेरचे पाहुणे हमखास विचारतात, "ही तुमची का?"

भोरखळात सगळ्यांत वडील असलेले हिरामणबाबा मान हलवतात. "छे! ही कुसवंड्याची. आत त्यांचं नाचणीचं बी आहे. आमचं भाताचं बी तिकडं, ओढ्यापल्याड, त्यांच्या घरात."

पाहुणे बुचकळ्यात पडले की बाबा कणगीशेजारी बसकण मारतात आणि नवशीची गोष्ट सांगतात.

फार मागची गोष्ट म्हणे. कुसवंडे डोंगराच्या उतारावर, तिथं नाचणी पिकायची. भोरखळ खालच्या खाचरांत, तिथं भात. दर सुगीला ओढ्याकाठी पाटीला पाटी लावून अदलाबदल व्हायची, आणि दोन्ही गावांत वर्षभर भातही रांधला जायचा, भाकरीही थापली जायची. मग एके वर्षी कुसवंड्याचा एक बैल ओढा ओलांडून आला आणि भोरखळची रोपं चरून गेला. भोरखळकरांनी त्याला मारलं नाही. शेपटीला फुटकी घागर बांधून परत धाडला. तो खडखडाट करत भर बाजारातून घरी आला आणि कुसवंड्याच्या अब्रूचं खोबरं झालं. मार एक वेळ सोसला असता, हसणं कसं सोसायचं?

त्या सुगीला भोरखळची भाताची उडवी पेटली. आठ दिवसांत कुसवंड्याचं नाचणीचं खळं पेटलं. पुढच्या सुगीलाही तेच. अदलाबदल तर केव्हाच थांबली होती. भोरखळात पेज इतकी पातळ झाली की पातेल्याचा तळ दिसे. कुसवंड्यात पोरं कडू कंद चार पाण्यांत उकडून खात आणि तरी तोंड वाकडं करत. शेवटी दोन्ही गावांत उरलं ते फक्त बियाणं, पाटीभर इकडं, पाटीभर तिकडं.

कुसवंड्याची ती पाटी राघूजी पाटलांच्या सुनेच्या, नवशीच्या हवाली होती. आता नवशी म्हणजे सशाचं काळीज. पाल चुकचुकली तरी तिच्या हातातलं पीठ सांडे. सासऱ्यापुढं तिचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. धुळवडीच्या आदल्या दिवशी पारावर राघूजी गरजले, "उद्या टेंभे घेऊन चला! त्यांचं बीच जाळू!" घरात कडू कंद सोलणारी नवशी ते ऐकून गारठली. आपण जाळणार, मग तेही जाळणार. पाटी माळ्यावर ठेवावी? माळा जळेल. गोठ्यात? गोठा जळेल. घाबरलेलं मन सगळे कोपरे धुंडाळून आलं आणि तिला एकच जागा दिसली, जी भोरखळकर कधीच पेटवणार नाहीत. त्यांचं स्वतःचं गाव.

भर दुपारी, गडी झोपले असताना, पाटीवर शेण्या रचून ती निघाली. ओढ्यापाशी कारवीच्या झुडपातून वळली आणि समोरून येणाऱ्या एका म्हातारीवर आदळली. म्हातारीच्या डोक्यावरच्या पाटीतून एक कोंबडी फडफडत उडाली. नवशी किंचाळली. म्हातारी तिच्याहून मोठ्यानं किंचाळली.

"मेले गं बाई! कोण तू?"

"कुसवंड्याची... पाटलांची सून. आजी, तुमच्या कोंबडीखाली काय आहे?"

"तुझ्या शेण्यांखाली काय आहे ते आधी सांग!"

दोघींनी एकमेकींच्या पाट्यांत डोकावलं. एकीत राखेत घोळलेली नाचणी, दुसरीत भात. म्हातारी होती भोरखळची ठमाबाई; तिकडच्या बियाण्याची पाटी तिच्या हवाली. तीही तोच विचार करून निघाली होती.

"कोंबडीनं खाल्लं नाही का बी?" नवशीनं विचारलं.

"खुडूक आहे ती. अन्नाला शिवत नाही. आमच्या पंचांपेक्षा अक्कल आहे तिला," ठमाबाई म्हणाली. "दे इकडं पाटी. माझी तू ने."

दुसऱ्या दिवशी दिवसाढवळ्या टेंभे पेटले. निघताना राघूजी म्हणाले, "पहिल्याच घरापासनं सुरुवात करायची!" नवशी दाराबाहेर आली. पहिलं घर ठमाबाईचं. बोलावं तर सगळ्या गावासमोर गुन्हा कबूल करायचा; गप्प बसावं तर पोराबाळांच्या तोंडचा पुढचा घास जळायचा. तिचे पाय मात्र तिला न विचारताच धावत सुटले. गड्यांच्या गर्दीतून वाट काढत, ओढा ओलांडून, सगळ्यांच्या आधी ती ठमाबाईच्या दारात आडवी उभी राहिली. तोंड उघडलं, आवाज फुटेना. पुन्हा उघडलं.

"मामंजी, जाळायचं तर खुशाल जाळा! आपलंच बी आहे आत!"

"आपलं? किती?"

"सगळं. घरी मूठभरसुद्धा ठेवलं नाही."

राघूजींचा टेंभा हवेत तसाच राहिला. एक ठिणगी खाली पडली, ती त्यांनी स्वतःच पायानं चिरडली. मग चार पावलं जाऊन टेंभा गुरांच्या डोणीत बुडवला. चर्रर्र आवाज झाला आणि टेंभे बघून धावून आलेले भोरखळचे तरणे गडी खो खो हसायला लागले.

"दात काय काढताय?" ठमाबाई आतून ओरडली. "तुमचं बी त्यांच्या घरात शेण्यांखाली पडलंय!"

हसणं थांबलं. मग राघूजींच्या मिशा हलल्या, आणि आधी कोण हसलं हे कुणालाच सांगता आलं नाही.

त्या उन्हाळ्यात, असं सांगतात, भोरखळात कुठं धूर दिसला की कुसवंडेकर घागरी घेऊन आधी पोचत, आणि कुसवंड्यात चूल भडकली तरी भोरखळकर धावत जात. मृगात दोन्ही बियाणी आपापल्या रानात परतली. सुगीला ओढ्याकाठी पुन्हा पाट्या लागल्या.

आजही सुगी झाली की कुसवंड्याच्या बाया बियाण्याची पाटी इथं आणून देतात आणि भोरखळची पाटी घेऊन जातात. पंचवीस-तीस घरांतलं एकही घर आपलं बी आपल्या उंबऱ्याआड ठेवत नाही.

एखादा पाहुणा म्हणतोच, "पण बाबा, आता दुकानात पिशवीबंद बी मिळतं की!"

"मिळतं ना, आम्हीही आणतो कधीमधी," हिरामणबाबा म्हणतात आणि कणगीवरचा पाला नीट करतात. "पण दुकानाला आग लागली तर घागर घेऊन तुम्ही धावाल का?"