कुत्र्याच्या भीतीत ठेवलेला प्राण

एका राज्यात (त्याचे नाव मी सांगणार नाही, सांगितले तर उद्या तुम्ही तिथला खजिना उकरायला निघाल) उदयभान नावाचा राजा होता. मिसरूड नुकते फुटलेले, हट्ट मात्र सात पिढ्यांचा. आईबाप लवकर गेले. थोरली बहीण शशिप्रभा हिने त्याला वाढवले, घोड्यावर बसायला शिकवले आणि वेळ आली तेव्हा स्वतःच्या हाताने त्याला राजतिलक लावला. त्याच्या पायात काटा रुतला तर पाणी हिच्या डोळ्यांत यायचे.

राज्याच्या उत्तरेला डोंगर होता आणि डोंगरात करालकेतू नावाचा जादूगार. गावोगाव लुटलेले सोने त्याने गुहेत भरले होते, त्यावर शाप घातला होता आणि राखणीला एक कुत्रा बांधला होता. "प्रजेचे सोने प्रजेला देईन," असे म्हणून उदयभान एकटाच त्या गुहेत शिरला. पाहतो तो तांबूस रंगाचा कुत्रा, एक कान फाटलेला, बरगड्या लांबून दिसाव्यात अशा, आणि गळ्यातली लोखंडी साखळी मांसात रुतलेली. राजा सोने विसरला. त्याने तलवार उपसली आणि साखळी तोडली. त्या क्षणी त्याच्या पायांची बोटे दगडाची झाली.

अंधारातून करालकेतू बोलला, "माझा राखणदार सोडवणाऱ्याला हीच शिक्षा आहे. घेऊन जा त्याला. तूही जाशील."

राजाने कुत्र्याला घोंगडीत गुंडाळून घोड्यावर पुढ्यात घेतले. गुहेतल्या पिंजऱ्यातली साळुंकी सोडली, ती त्याच्या खांद्यावर बसली. असा हा लवाजमा नगरात आला. लोक धावले. राजाने काय आणले ते बघायला एकच झुंबड उडाली. कुत्र्याने घोंगडीतून उडी टाकली आणि तो राजवाड्यामागच्या सरपणाच्या खोपीत, लाकडांच्या मागे, अगदी भिंतीला चिकटून बसला. इकडे राजाचे घोटे दगड झाले. त्याला चौघांनी उचलून सिंहासनावर ठेवले.

साळुंकी शशिप्रभेपुढे येऊन बसली. "राजकन्ये, करालकेतूवर सैन्य धाडू नका. तलवार त्याच्या अंगातून धुरातून जावी तशी जाते. त्याचा प्राण त्याच्या अंगात नाही."

"मग कशात आहे? पोपटात की भुंग्यात?"

"पोपट म्हातारे होतात, भुंगे चिरडले जातात. त्याने प्राण कुत्र्याच्या भीतीत ठेवला आहे. भीती आहे तोवर तो आहे. कुत्रा दचकला की दगड राजाच्या अंगात वर चढेल. हृदयापलीकडे जाऊन ओठांवर पोचला की संपले."

सेनापतीचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. "मग कुत्र्यालाच मारतो."

"भ्यालेला जीव मारला तर त्याची भीती कोणी घालवायची? ती अमर होईल. राजा कायमचा दगड राहील."

"उपाय सांग," शशिप्रभा म्हणाली.

"तीन गोष्टी कुत्र्याने आपल्या मनाने केल्या पाहिजेत. माणसाजवळ पोटभर जेवले पाहिजे. घराचा उंबरा ओलांडला पाहिजे. आणि त्या घरात निर्धास्त झोपले पाहिजे. साखळीने नाही, मंत्राने नाही, हुकुमाने नाही."

"होईल," शशिप्रभा म्हणाली.

आता राजवाड्यातली माणसे म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आचाऱ्याने चांदीच्या ताटात मटण वाढले, वर तुपाची धार सोडली. ताट खोपीच्या तोंडाशी ठेवले आणि सगळे कुत्र्याकडे टक लावून उभे राहिले. कुत्रा भिंतीत शिरायचा बाकी राहिला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. राजाच्या गुडघ्यांना दगड लागला.

"तो जेवत का नाही?" शशिप्रभेने साळुंकीला विचारले.

"तुम्ही बघता म्हणून. करालकेतू त्याच्याकडे बघे तो मारण्याआधीच बघे. एरवी त्याला कोण विचारतो."

शशिप्रभेने सगळ्यांना हाकलले. मातीच्या परळात भाकरी कुस्करली, वर नुसता रस्सा ओतला, आणि खोपीपासून लांब, कुत्र्याकडे पाठ करून जमिनीवर बसली. मांडीवर तांदळाचे सूप घेतले आणि खडे निवडू लागली. जिच्यापुढे मांडलिक राजे माना तुकवीत ती कुत्र्याला पाठ दाखवून बसली आहे, हे बघून दासींनी पदर तोंडाला लावले. लावू देत. हसणाऱ्यांचे दात दिसतात, करणाऱ्याचे काम होते.

पहिल्या दिवशी तिच्या मानेला रग लागली. दुसऱ्या दिवशी पायांना मुंग्या आल्या. मग एका सकाळी पाठीमागे लपलप लपलप असा आवाज आला. तिचा हात सुपातच थांबला. वळून बघावे असे तिला इतके वाटले की तिने ओठ दातांखाली धरला. ती वळली नाही. परळ रिकामे झाल्यावर ती उठली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी परळ थोडे अलीकडे आणले, मग आणखी अलीकडे. होता होता कुत्रा तिच्या पदराला नाक लावता येईल इतक्या जवळ जेवू लागला. मग ती त्याला हळू आवाजात तांबू म्हणू लागली. त्याला नाव नव्हते. करालकेतू त्याला साखळी ओढून बोलावी. एका दिवशी तिने "तांबू" म्हटले आणि तिला त्याची शेपटी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. एकदाच, पण आला. पहिली गोष्ट पार पडली. दगड गुडघ्यांवरच थांबून राहिला.

भाऊ सिंहासनावरून विचारी, "अक्का, आज काय केले त्याने?"

"जेवला. आणि जांभई दिली."

"जांभई दिली?" राजाचा चेहरा असा खुलला की जणू राज्यच जिंकले. त्याला स्वतःच्या पायांची चिंता नव्हती असे नाही. पण त्याने साखळी तोडली होती आणि तोडल्याचे त्याला वाईट वाटत नव्हते.

दुसरी गोष्ट उंबऱ्याची. तांबू आता शशिप्रभेच्या मागे मागे, अंतर राखून, वाड्याच्या दारापर्यंत येऊ लागला. एका सकाळी त्याने पुढचा पाय उचलून उंबऱ्यावर ठेवला. नेमक्या त्याच वेळी दारात उभ्या होत्या आत्यासाहेब. जुन्या वळणाच्या, मनाने लोणी. घरात नवा जीव येतो आहे, त्याची दृष्ट काढायला नको? त्यांनी भाकरतुकडा हातात घेतला, तांबूच्या डोक्यावरून ओवाळला आणि रीतीप्रमाणे हात उंच करून लांब भिरकावला.

तांबूने उंच झालेला हात पाहिला. त्याच्या जन्मात उंच झालेल्या हातातून धोंड्याशिवाय काही आले नव्हते. त्याने अशी किंकाळी फोडली की कबुतरे उडाली, आणि तो जाऊन खोपीत लाकडांमागे दडला. त्या दिवशी तो जेवला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दगड राजाच्या छातीवर चढला. त्याला श्वास घ्यायला कष्ट पडू लागले.

आत्यासाहेब भिंतीशी बसून रडत होत्या. "मी त्याचे भले चिंतले गं."

"मला ठाऊक आहे," शशिप्रभा म्हणाली. तिला राग आला होता, खूप आला होता. पण रागावर भाकरी भाजत नाही हे तिला कळत होते. "पुन्हा पहिल्यापासून सुरू करू."

तिने दवंडी पिटवली नाही, कारण दवंडीला ढोल लागतो. माणसे फिरवून घरोघर निरोप दिला: वाड्यात कोणी खांद्याच्या वर हात उचलू नये. मग काय विचारता! चवरी ढाळणारे बसून गुडघ्याच्या उंचीवर चवरी ढाळू लागले. मुजरे पोटाशी होऊ लागले. उंच फडताळातले डबे खाली आले. आत्यासाहेब आपली वेणी दुसऱ्याकडून घालून घेऊ लागल्या, आणि घालणारीही बसून घाली. परदेशचा वकील दरबारात आला तेव्हा त्याला वाटले, या राज्यात सगळ्यांचे खांदे एकदमच धरले आहेत.

शशिप्रभा परळ घेऊन पुन्हा लांब जाऊन बसली. पुन्हा पाठ, पुन्हा खडे. तांबू पुन्हा आला, या वेळी लवकर. दारापर्यंतही आला. पण उंबऱ्याशी अडे, दाराच्या कडीकडे बघे, आणि मागे सरे.

"दार लागले की तो आत अडकतो," साळुंकी म्हणाली. "त्याने कधी बाहेर पडता येईल असे घर पाहिलेले नाही."

शशिप्रभेने सुतार बोलावले. "दार काढा."

सेनापती पुढे झाला. "ताईसाहेब, सात वेढ्यांत हे दार टिकले. ते काढले तर शत्रूला वाट मोकळी होईल."

"शत्रू माझ्या भावाच्या छातीपर्यंत आला आहे, सेनापती. आपण कोणत्या शत्रूची वाट बघता?"

सेनापतीने मान खाली घातली. दार बिजागरीवरून उतरले. त्या जागी उजेड पडला. तांबू त्या उजेडात बराच वेळ उभा राहिला, मग चारही पायांनी आत आला, दिवाणखान्याला एक फेरी मारली, बाहेर गेला. वाट मोकळीच आहे ना, हे बघून पुन्हा आत आला. असे त्याने दिवसभर केले. कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. दुसरी गोष्ट पार पडली.

राहिली तिसरी, आणि तीच अवघड. तांबू आत येई, भिंतीला पाठ लावून बसे, पण डोळा मिटत नसे. पापणी जड होई, मान खाली जाई, आणि कुठे भांडे वाजले की ताठ. राखणदाराला झोपेची बंदी असते आणि ती हाडात गेलेली असते. दगड बोटाबोटाने चढत राजाच्या गळ्याशी आला. आता त्याला मान वळवता येत नव्हती. बोलणे मात्र येत होते.

आपला प्राण पातळ होत चालल्याचे तिकडे डोंगरात करालकेतूला जाणवले. एका भर दुपारी तो स्वतः आला. दार नव्हतेच. पहारेकऱ्यांचे भाले त्याच्या अंगातून आरपार गेले. हातात तीच तुटकी साखळी घेऊन तो दिवाणखान्यात उभा राहिला. सिंहासनावर गळ्यापर्यंत दगड झालेला राजा, जमिनीवर सूप घेऊन बसलेली शशिप्रभा, भिंतीशी तांबू.

"चल," करालकेतू म्हणाला, आणि साखळी वाजवली.

तांबूच्या अंगाला कापरे भरले. दगड राजाच्या हनुवटीला लागला. शशिप्रभेच्या सर्वांगातून एकच गोष्ट ओरडत होती, की ऊठ, हे सूप त्याच्या तोंडावर घाल. पण ती उठली असती तर तांबू दचकला असता, आणि वाट मोकळी होती. ती उठली नाही. तिने सुपातला एक खडा वेचला आणि बाजूला ठेवला.

"अक्का," दगडातून राजाचा आवाज आला, "तू निवडत राहा."

करालकेतूने साखळीचा हात उंच केला. तांबू उठला. त्याने मोकळ्या दाराकडे पाहिले, खोपीच्या वाटेकडे पाहिले. मग तो पोट जमिनीला घासत सरकला आणि शशिप्रभेच्या पाठीमागे गेला. त्याचे थरथरते अंग तिच्या पाठीला टेकले. आजवर तो भ्याला की माणसापासून पळाला होता. आज भ्याला आणि माणसाकडे आला.

शशिप्रभेचे डोळे भरून आले. तिने पुसले नाहीत. हात चालूच ठेवले. तांदळाचे दाणे सुपात सरकत होते, तिचा श्वास हळू जात-येत होता, आणि तांबूची पाठ तिच्या पाठीशी तसाच श्वास घेऊ लागली.

करालकेतूने पुन्हा साखळी वाजवली. आवाज पोकळ आला. "मी बोलावतो आहे," तो म्हणाला. त्याच्या पायांचा धूर झाला होता. तो ओरडू लागला, पण ओरडायला छाती उरली नव्हती. त्या मोठ्या दिवाणखान्यात त्याच्याकडे बघणारा एकही जण नव्हता. तांबूने एक लांब सुस्कारा सोडला, कुशीवर कलंडला, चारही पाय ऐसपैस पसरले, आणि झोपला. झोपला कसला, घोरू लागला.

साखळी खाली पडली, चटईवर पडली म्हणून बरे, वाजली नाही. करालकेतूच्या जागी चिमूटभर राख होती. गुहेतल्या सोन्यावरचा शाप उतरला, आणि पुढे ते ज्याचे त्याला पोचले.

राजाचे ओठ हलले, गळा मोकळा झाला, छाती, हात, गुडघे. तो सिंहासनावरून उतरला. पायांत बळ नव्हते म्हणून रांगत आला. त्याला बहिणीला मिठी मारायची होती, मोठ्याने हाक मारायची होती. शशिप्रभेने ओठांवर बोट ठेवले. मग राजा तिथेच जमिनीवर तिच्यापुढे बसला, तिच्या गुडघ्यावर डोके टेकले आणि आवाज न करता रडला. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. तो हात ऊन होता की डोके ऊन होते, कोण जाणे, पण दगडाचे काहीच उरले नव्हते.

बातमी नगरात पसरली. तोफा डागल्या नाहीत, नगारे वाजले नाहीत, हत्तींच्या घंटा काढून ठेवल्या. लोकांनी कुजबुजत एकमेकांना साखर भरवली. आत्यासाहेबांनी आनंदाने टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच पोटाशी धरले. सगळे राज्य चवड्यांवर चालत होते, आणि तांबू झोपला होता.

संध्याकाळी तो जागा झाला, तेव्हा राजाचा हात त्याच्या पोटावर होता. तांबूने एक डोळा उघडून त्या हाताकडे पाहिले, आणि पुन्हा मिटला.

जशी त्याला त्या घरात झोप लागली, तशी तुम्हा-आम्हाला आपापल्या घरी लागो.