शिंगभर दारू

फार फार जुन्या काळी, बंदुका तोंडाकडून ठासून भरत तेव्हा, एका तळ्याकाठी एक राज्य होतं.

तिथली रीत अशी, की गादीवर बसणाऱ्याने आधी प्रजेसमोर उडतं बदक पाडायचं. नेम चुकला तर गादी चुलत्याची. बंदुकीची दारू मापायला शिंग असे, आणि प्रत्येक राजा आपल्या बापाहून मोठं शिंग करून घेई. ज्याचा बार मोठा तो राजा मोठा, असं लोक मानत. बार उडाला की तळं धुराने भरून जाई. धूर विरला की मानकरी बदक उचलून आणी. आजवर एकाही राजाचा नेम म्हणे चुकला नव्हता!

महाराज थकले आणि त्यांच्या मुलीची, राजकन्या हेमावतीची पाळी आली. तिने वाड्यामागे पांढरी चादर टांगून सराव केला. शिंगभर दारू ठासली, तर छर्रे चारी कडांना उधळले आणि मधे बदक खुशाल निसटेल एवढी जागा कोरी राहिली. मग ती दारू कमी करत गेली. ज्या वाटीने छर्रे, त्याच वाटीने दारू घेतली, तेव्हा चादरीची मधोमध चाळण झाली.

"एवढ्याशा दारूने बार फुसका वाटेल, ताईसाहेब," प्रधान म्हणाले. "लोक हसतील."

"हसू देत. पण शिंगभर दारूने नेम लागत नाही, तर आजवर बदकं पडली कशी?"

प्रधानांनी आवाज खाली आणला. "मानकरी आधीच मारलेलं बदक घेऊन लव्हाळ्यात बसतो. बार ऐकला की फेकतो. धुरात कोण बघतंय?"

हेमावतीने शेजारी उभ्या वडिलांकडे पाहिलं. "आबासाहेब, तुमचंही?"

महाराजांनी मान खाली घातली. "आमच्या वडिलांचंही. पोरी, हट्ट करू नकोस. चुकलीस तर गादी जाईल."

तिला रडूही आलं आणि संतापही. "जाऊ दे! चुकले तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चुकेन. लबाडीची गादी मला नको."

ठरल्या दिवशी तिने आपल्या वाटीने दारू भरली. लोक खुसखुसले, चुलता तर पोट धरून हसला. बदक उडालं. लहानसा बार झाला आणि मूठभर धूर वाऱ्याने लगेच नेला. सगळ्यांनी पाहिलं, बदक हवेतच उलटलं आणि पाण्यात पडलं.

तेवढ्यात, सवयीप्रमाणे, लव्हाळ्यातून दुसरं बदक वर उडालं. पाय ताठ, मान लोंबती. ते येऊन धप्पकन चुलत्याच्या पुढ्यात आपटलं. कालचं होतं ते, वास येत होता.

कुणी हसेना. एका म्हातारीने विचारलं, "म्हंजी आजवरची समदीच अशी?"

महाराज उठले. "हो आजी, सगळीच. माझंसुद्धा."

हेमावती गादीवर बसली आणि पहिल्याच दिवशी तिने ते मोठं शिंग तळ्यात भिरकावलं.

तेव्हा बाळांनो, आणि थोरांनो तुम्हीसुद्धा, कुणाचा आवाज फार मोठा झाला की भुलू नका, धूर विरू द्या आणि नेम लागला का ते बघा.