नाकारलेली हुंडी

फार जुन्या काळी एका बंदरात एक शेठ होता. बाप सावकार, आजा सावकार, पणजाही सावकारच. खजुरांच्या देशात, धुक्याच्या शहरात, लवंगांच्या बेटावर, जिथं म्हणून जहाज लागे तिथं यांची पेढी. शेठनं कागदावर चार ओळी लिहून सही केली की परमुलखातला माणूस मुकाट्यानं सोनं मोजून देई. त्या कागदाला हुंडी म्हणत. शेठला वाटे, जग आपल्या सहीवर चाललंय. वाटणारच, अडवणारं होतं कोण?

लवंगांच्या बेटावरची पेढी त्याचा धाकटा भाऊ सांभाळी. एके वर्षी तिथं वादळ झालं आणि लवंगांच्या बागा आडव्या झाल्या. बागवाले पेढीच्या दारात येऊन बसले. धाकट्यानं तारण न मागता, त्यांच्या घरी चूल पेटेल इतके पैसे दिले. हे कळताच ठेवीदार घाबरले आणि आपापली ठेव मागू लागले. तेव्हा धाकट्यानं एका जहाजवाल्या नाखव्याकडून सोनं घेतलं आणि थोरल्याच्या नावे हुंडी लिहून दिली. थोरला ती वटवेल का, असा विचारही त्याच्या मनात आला नाही. सख्खा भाऊ होता ना तो.

नाखवा बंदरात उतरून तडक थोरल्याच्या पेढीवर आला. गादीभोवती गावचे व्यापारी पान जमवत बसले होते.

शेठनं हुंडी वाचली आणि नाखव्याकडून बेटावरची हकीगत ऐकून घेतली. रक्कम मोठी, आणि बागा तर गेलेल्या. म्हणजे हे पैसे बुडालेच. पण नाही कसं म्हणायचं? सावकारांची रीत अशी, की खरी हुंडी जो वटवत नाही त्यानं आपली गादी उलटी करायची आणि भर दुपारी दारात दिवा लावायचा. तो दिवा दिसला की जग समजे, याचं दिवाळं निघालं. यांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या तसा दिवा लागला नव्हता.

मग शेठला एक वाट सुचली. अक्कल नेमकी अशाच वेळी कशी धावते, देव जाणे.

"ही सही आमच्या भावाची नाही," तो म्हणाला. "कागद खोटा आहे."

म्हातारे मुनीमजी त्याच्या कानाशी वाकले. "शेठ, अक्षर धाकट्या शेठचंच आहे हो. मीच गिरवून घेतलंय."

"मुनीमजी, तुम्हाला हल्ली नीट दिसत नाही."

"पण मग त्यांच्या दारात दिवा लागेल, शेठ."

"तिकडं लागेल ना? इथं तर नाही?"

नाखव्यानं कागदाची घडी करून कमरेला खोचली. "बरं," एवढंच म्हणाला आणि गेला. व्यापारी खाली बघत पान चघळत राहिले. ते अक्षर त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीचं होतं. शेठ मनात म्हणाला, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

दुसऱ्या दिवसापासून एकेक जण ठेव मागायला येऊ लागला. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाला विहीर खणायची. गावात एकाएकी इतकी लग्नं कुठून निघाली कुणास ठाऊक. तोंडावर कोण बोलतो? पण सख्ख्या भावाची सही नाकारणारा उद्या आपलीही नाकारील, हे सगळे समजून चुकले होते. शेठनं ज्याचं त्याला चोख परत केलं. दिवा काही लागला नाही. पण गेलेला माणूस पुन्हा पायरी चढेना, आणि परमुलखात त्याची हुंडी कुणी हातात धरेना. घरचं सोनं तिजोरीत तसंच होतं, आणि शेठ पेढीवर माशा मारत बसला होता.

तेव्हा त्याला भाऊ आठवला. तोवर नाही हं. धाकट्याला आणून गादीवर बसवावं, चारचौघांत त्याच्याकडून 'सही माझीच होती, थोरल्याची नजर चुकली' असं वदवून घ्यावं, म्हणजे घडी पुन्हा बसेल, असा हिशेब करून सोन्याची पेटी घेऊन तो जहाजात चढला.

बेटावर त्याला सगळं कळलं. नाखवा परतल्यावर धाकट्यानं थोरल्याला खोटं पाडलं नव्हतं. "चूक माझी," एवढंच तो म्हणाला होता. बायकोच्या बांगड्यांसकट सगळं विकून त्यानं नाखव्याला फेडलं, आणि बाकीच्या ठेवीदारांना द्यायला काही उरलं नाही म्हणून भर दुपारी आपल्या हातानं दिवा लावला. लोक तोंडावर लबाड म्हणाले, तेही ऐकून घेतलं. आता तो एका वखारीत मजुरीनं लवंगा निवडत होता.

थोरला त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. चारचौघांत काय वदवून घ्यायचं, तो हिशेब विसरूनच गेला.

"चल रे घरी. सगळ्यांचं फेडतो मी. सोनं आणलंय."

धाकटा उठला. हात पुसले, बसायला पोतं अंथरलं.

"बसा शेठ. पाणी आणू आपल्याला?"

बोलायला लागल्यापासून ज्याच्या तोंडी 'दादा, अरे दादा' याखेरीज दुसरी हाक नव्हती, तो धाकटा आज त्याला 'शेठ' म्हणाला. रागानं म्हणाला असता तरी थोरल्याला बरं वाटलं असतं. तो दारी आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलत होता.

"अरे, मी तुझा भाऊ आहे."

"आपल्या भावाची सही नव्हती ती, शेठ," धाकटा शांतपणे म्हणाला. "आपण तेव्हाच सांगितलंत."

पाण्याचा तांब्या पुढं ठेवून तो पुन्हा लवंगा निवडायला बसला. थोरला जहाज सुटायची वेळ होईपर्यंत तिथंच बसून होता. मग पेटी उचलून तो एकटाच परत निघाला.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: आपल्या माणसाला परकं म्हटलं की नुकसान टळतं खरं, पण त्यानं ते खरं मानलं, तर सोनं ओतूनही तो पुन्हा आपला होत नाही.