दोघांनी लिहिलेले एक वाक्य

एकदा एका वृद्ध संपादकांकडे भालचंद्र आणि अच्युत हे दोन भाऊ आले. काही वर्षांपूर्वी वारलेल्या आईच्या आठवणींचे पुस्तक त्यांना करायचे होते. दोघे दूरदूरच्या शहरांत राहत. म्हणून संपादकांनी एकच फाइल संगणकावर ठेवली आणि दोघे आपापल्या घरून तिच्यात लिहू लागले. संगणक दोघांचे लेखन आपोआप जुळवून घेई. एकच वाक्य दोघांनी निरनिराळे बदलले, तर मात्र तो थांबे आणि कोणते ठेवायचे ते विचारी.

ती निवड संपादकांच्या शिष्याकडे होती. शेवटच्या प्रकरणात संगणक थांबला. थोरल्या भालचंद्रांनी लिहिले होते, ‘आई झोपेतच शांतपणे गेली.’ धाकट्या अच्युतने लिहिले होते, ‘आई अखेरपर्यंत दादाची वाट पाहत होती.’ शिष्याला दुसरे वाक्य बोचरे वाटले. ते गाळून त्याने फाइल पूर्ण केली.

गुरूंनी पान वाचले. त्यांनी फाइलची आधीची अवस्था परत आणली आणि दोन्ही भावांना बोलावून घेतले. शिष्याला याचा अर्थ कळेना.

भाऊ आले. दोन्ही वाक्ये पाहून भालचंद्र धाकट्याकडे वळले.

“अच्युत, झोपेत गेली असं तूच मला फोनवर सांगितलंस.”

“हो दादा. तुला येता येणार नव्हतं. दुसरं काय सांगणार?”

“मग आता हे का लिहिलंस?”

“तेव्हा बोलून गेलो. पण लिहायला हात धजेना.”

“काय म्हणायची ती?”

“दार लावू नकोस, म्हणायची.”

भालचंद्रांनी डोळे पुसले. मग पुढे होऊन स्वतःच्या हाताने आपले वाक्य खोडले.

भाऊ गेल्यावर शिष्याने विचारले, “गुरुजी, थोरल्यांना हे कळले नसते तर बरे झाले नसते का?”

“त्यांच्यापुरते बरे झाले असते,” गुरू म्हणाले. “पण दोन माणसे एकाच जागी वेगवेगळे लिहितात, तिथे पुष्कळदा त्यांचे बोलणे राहिलेले असते. तू निवड केलीस, आणि धाकट्याने इतकी वर्षे एकट्याने वाहिलेले पुन्हा त्याच्याकडेच ठेवलेस. आज ते दुःख दोघांचे झाले. कमी झाले असे मी म्हणत नाही.”

त्यानंतर संगणक असा थांबला, की शिष्य आधी दोन्ही लिहिणाऱ्यांना फोन लावू लागला.