किल्ल्याचा दगड

एका राज्यात, पश्चिमेच्या समुद्रापाशी, धुक्यात उभा असा एक पडका किल्ला होता. त्याला छप्पर नव्हतं, दार नव्हतं, आणि त्याचा दगड कुणी घरी नेत नसे. पण फर्गल गवंडी हट्टाचा. "मेलेल्या राजाला दगड हवेत कशाला?" म्हणाला, आणि एक चांगला चौकोनी दगड आणून त्यानं आपल्या चुलीला बसवला.

तिसऱ्या दिवशी, चूल ढणढण पेटलेली असताना, त्याची तान्ही लेक ऑर्ला गार पडू लागली. तिच्या आईनं, नुआलानं, तिला लोकरीत गुंडाळलं, पोटाशी धरलं, चुलीपुढे बसून राहिली. पोर गार ती गारच.

तेवढ्यात खिडकीत एक डोमकावळा येऊन बसला.

"बाई, तीन कामं कर. पेटत्या चुलीतून दगड उघड्या हातांनी काढ. खाली न टेकवता किल्ल्यात ने. तिथं जो जे मागेल, ते त्याला दे."

"नाही दिलं तर?"

"उद्या पाळणा रिकामा."

फर्गल पुढे सरला. "मी काढतो."

"तू आणलास तेवढं पुरे झालं," नुआला म्हणाली, आणि तिनं विस्तवात हात घातले. तळव्यांची कातडी दगडालाच राहिली. दगड छातीशी धरून, चिखल तुडवत ती किल्ल्यात गेली आणि भिंतीतल्या खिंडारात तो बसवला.

भिंतीशी त्या किल्ल्याचा मेलेला राजा कुडकुडत बसला होता. तीनशे वर्षं तो तसाच बसला होता.

"तुझ्या चुलीतला निखारा दे," तो म्हणाला.

नुआला दोन पावलं मागे सरली. त्या मुलखात आजारी माणसाच्या घरातून विस्तव देत नसत. दिला, की ते माणूस गेलंच म्हणायचं.

"माझी पोर आजारी आहे, महाराज."

"माझीही होती. म्हणून दारी आलेल्या विधवेला मी विस्तव दिला नाही. तिचं लेकरू थंडीनं गेलं. 'तुझ्या दगडांना कधी ऊब न राहो,' असं बोलून ती गेली. मागोमाग माझीही गेली."

नुआला घरी आली. तिनं खापरीत निखारा घेतलेला पाहून फर्गल दारात आडवा झाला.

"पोरीला मारतेस का?"

"न देऊन राजाची कुठं वाचली? बाजूला हो."

किल्ल्यात तिनं खापरी पुढे ठेवली, तसे राजानं निखाऱ्यावर हात धरले. एक सुस्कारा टाकला. मग तिथं मूठभर राख तेवढी उरली, आणि किल्ल्याच्या दगडांना ऊब आली.

घरी ऑर्ला भुकेनं रडत होती. फर्गलनं तिला पुढे केलं. "हात लावून बघ. ऊन आहे."

नुआलानं हात लावला. तळव्यांना काहीच कळलं नाही.

त्या राज्यात पुढे आजारी घरातूनही मागणाऱ्याला विस्तव मिळू लागला. नुआला मात्र दिवसातून दहादा पाळण्यावर वाकायची आणि पोरीच्या कपाळाला गाल लावून बघायची.